बोटीची बैठक : गोदाकाठच्या लिफ्टच्या नोंदी

11 जानेवारी 2025

सकाळी साडेसहाला नाशकात गोदावरीवर. पाण्यावरून वाफा निघत होत्या आणि हात खिशातून काढवत नव्हते. बंधाऱ्याच्या फुगवट्यात पाणी मात्र आरशासारखं. मुलांच्या चार होड्या गेल्या आणि त्यांच्या मागून त्यांना रोइंग शिकवणारे सर मोटारबोट घेऊन निघाले. चौदा फुटी फायबरची बोट, मागे पंचवीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. रोइंगची होडी हातभर रुंदही नसते; वल्हं जरा चुकलं की पोरगं पाण्यात. अशा वेळी त्याच्यापर्यंत पोहोचणारी ही एकच बोट. माझी धाकटी त्या चारांपैकी एका होडीत असते.

सर परतले ते कमरेपर्यंत भिजून. "काका, पुन्हा तेच. थ्रॉटल वाढवलं की नाक खाली घालते. पाणी सगळं अंगावर आणि वेग तेवढाच." दिवाळीपासून हे चाललंय. कार्बोरेटर साफ करून झाला, प्लग बदलले, पंख्याची पाती घासून सारखी केली, इंजिनाचा कोन एक भोक मागेपुढे करून पाहिला. फरक नाही.

दोष इंजिनात नसेल तर बोटीतच असणार. बोट लिफ्टवर, म्हणजे ती पाण्याबाहेर उचलून ठेवायच्या सांगाड्यावर, घेतल्यावर आज पहिल्यांदाच तिच्याखाली टॉर्च घेऊन उताणा झोपलो. लिफ्टच्या मागच्या आडव्या चॅनलवर टायरचे दोन तुकडे बसवलेत, त्यांच्या कडेने जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराला, केसासारख्या भेगा गेल्यात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल. डावीकडे जास्त. रुपयाच्या नाण्याने तळ ठोकत गेलो. टण, टण, टण, आणि टायरजवळ आल्यावर एकदम ठप्प. आतले थर सुटल्याची ही खूण.

ही लिफ्ट दोन वर्षांपूर्वी मीच केली. चार खांब, वर दोन लांब चॅनल, त्यांवर पुढे आणि मागे एकेक आडवी. प्रत्येकीला एक टनी चेन ब्लॉक (साखळीने ओझं उचलायची कप्पी), आणि त्याखाली वायर रोपच्या दोन पायांवर लटकलेल्या, बोट झेलणाऱ्या दोन आडव्या चॅनल. वजन पेलेल का, याचा हिशेब तेव्हा चोख केला होता. बोट नेमकी कुठे टेकेल याचा केला नव्हता.

13 जानेवारी

द्राक्षाचा हंगाम अजून भरात यायचाय, म्हणून ओळखीच्या पॅकहाउसमधून दोन वजनकाटे दोन दिवसांसाठी मिळाले. इंजिन, भरलेली टाकी, बॅटरी, लाइफ जॅकेटं, दोर, सगळं जागच्या जागी ठेवून बोट दोन काट्यांवर घेतली. मागचा टेकू ट्रान्समपासून, म्हणजे जिच्यावर इंजिन लटकतं त्या मागच्या फळीपासून, 30 सेंमी पुढे. पुढचा टेकू त्याच्याही पुढे बरोबर 3 मीटरवर.

पुढचा काटा 150 किलो, मागचा 270. एकूण 420.

म्हणजे वजनाचा मध्य मागच्या टेकूपासून 150 गुणिले 3 भागिले 420, म्हणजे 1.07 मीटर पुढे. ट्रान्समपासून धरला तर 1.37 मीटर. बोटीची लांबी 4.27 मीटर, तिचा अर्धा 2.13. मी लिफ्ट करताना लांबीचा मध्य धरला होता. वजनाचा मध्य त्याच्या पाऊण मीटर मागे निघाला. मागे इंजिन आणि टाकी, पुढे नुसतं पोकळ नाक; हे डोळ्यांना दिसत होतं, कागदावर मात्र घेतलं नाही.

आत्ताच्या आडव्या ट्रान्समपासून 1.1 आणि 3.2 मीटरवर आहेत. हिशेब केला तर 420 पैकी जवळपास 365 किलो एकट्या मागच्या आडवीवर येतात, पुढचीवर जेमतेम 55. बोट लिफ्टवर असताना मागे कुणी चढलं की पुढचा वायर रोप ढिला पडायचा, तो का, हे आज समजलं. आणि मागच्या आडवीच्याही मागे 1.1 मीटर तळ अधांतरी, त्याच्या टोकाला इंजिन. दोन वर्षं, दिवसरात्र.

14 जानेवारी

संक्रांत. मुलं घाटावरच तिळगूळ घेऊन आली होती, ती आणि त्यांचे पालक मिळून बारा जणांनी हात लावला. इंजिन, टाकी आधीच उतरवली होती. ट्रकच्या चार ट्यूबा अर्धवट फुगवून त्यांवर बोट पालथी घातली.

टूलरूममधली दोन मीटरची अॅल्युमिनियमची सरळपट्टी आणली होती. तिचं एक टोक ट्रान्समच्या कडेला लावून ती तळावर लांबीच्या दिशेने ठेवली. तळ सरळ असता तर पट्टी सगळीकडे बसली असती. दोन्ही टोकं टेकली आणि मध्ये फट राहिली. ट्रान्समपासून 1.1 मीटरवर, म्हणजे बरोबर टायरच्या जागी, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) 6 मिमी.

तिथे टेकूने तळ वर दाबला गेला, मागे इंजिनाने ट्रान्सम खाली ओढला. मधला तळ खोलगट झाला आणि मागची कड आकड्यासारखी खाली वळली. बोटीवाले याला हुकच म्हणतात. वेगात जाताना पाणी त्या खाली वळलेल्या कडेवर आदळतं आणि बोटीची मागची बाजू वर ढकलतं. मागची वर गेली की नाक खाली. नाक खाली गेलं की जास्त तळ पाण्याला घासतो, वेग मरतो, पाणी अंगावर येतं. सरांची तक्रार शब्दाशब्दाला खरी होती, आणि आम्ही तीन महिने कार्बोरेटर धूत बसलो.

सरांना दाखवलं. ते बराच वेळ पट्टीखालच्या फटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बोट नीट होईपर्यंत पाण्यात कुणी जाणार नाही." मुलांची तोंडं पडली. आता मैदानावर धावणं आणि शेडमधलं रोइंगचं मशीन. हे मुलं मनापासून करतात असं नाही, पण तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ चांदवडसारख्या दुष्काळी तालुक्यातून 2016 च्या रिओ ऑलिंपिकला गेला, 2018 च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण घेऊन आला, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्याच्या नावावर ती पळतील.

16 जानेवारी

फायबरच्या कामासाठी एक मिस्त्री आले. मूळचे मालवणचे, वीस वर्षं नाशकात आहेत. हाताने तळ चाचपत त्यांनी विचारलं, "हिला पठाण कुठे आहे?" कोकणात होडीच्या कण्याला पठाण म्हणतात, सगळ्यात खालचं, नाळेपासून वराम्यापर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, गेलेलं जाड लाकूड. 1 जूनला मासेमारी बंद झाली की होड्या वाळूवर ओढतात, पठाणाखाली ओंडके घालतात, दोन्ही बाजूंनी ठेपे देतात, वर विणलेल्या झावळ्यांची झापं. सगळा भार पठाण घेतो, ठेपे फक्त होडी कलू देत नाहीत.

आमच्या बोटीला तसा कणा नाही. फायबरचा तळ पाचेक मिमी जाड, मध्ये व्हीची कड थोडी भक्कम, आणि ताकद कशात असेल तर आतून तळाला चिकटवलेल्या दोन उभ्या पट्ट्यांत, स्ट्रिंगरमध्ये. त्या पुढून मागे ट्रान्समपर्यंत जातात. मिस्त्रींचं म्हणणं मला पटलं : लाकडी होडीला पठाणावर उभी करा, फायबरच्या बोटीला तिच्या फासळ्यांवर निजवा.

माझे टायरचे तुकडे स्ट्रिंगरच्या बाहेर होते, दोन्ही बाजूंना. नुसत्या पत्र्यासारख्या तळावर.

19 जानेवारी

हे आकडे मुलांसाठी शेडच्या फळ्यावर लिहिले, इथेही लिहून ठेवतो.

बोट पाण्यात असते तेव्हा तिचा साधारण 4 चौरस मीटर तळ पाण्याला टेकलेला असतो. 420 किलो त्यावर वाटले तर दर चौरस सेंटीमीटरला साधारण 10 ग्रॅम. पाणी प्रत्येक इंचाला, प्रत्येक वळणाला धरतं. मागच्या दोन टायरच्या तुकड्यांचं टेकण मिळून 240 चौरस सेंमी, त्यावर 365 किलो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला दीड किलो. दीडशे पट. तेही जिथे आतून आधार नाही अशा जागी.

धाकटीने विचारलं, "मग बोट पाण्यातच का ठेवत नाही?" पाण्यात ठेवली तर तळाला शेवाळ धरतं, जेलकोटमधून पाणी आत मुरून फोड येतात, आणि रात्री कुणी दोर सोडला तर सकाळी बोट बंधाऱ्यावर. लिफ्ट हवीच. पण लिफ्टला पाण्यासारखं धरता आलं पाहिजे.

24 जानेवारी

दुरुस्ती. भेगा आणि सुटलेला भाग मिस्त्रींनी ग्राइंडरने उतरता खरवडला, जाडीच्या बारा पट लांब उतार धरून. 5 मिमीच्या तळाला चारी बाजूंनी 60 मिमी. त्यावर मॅट आणि रेझिनचे थर. सकाळी नऊला हवा इतकी गार होती की रेझिन जमेना, म्हणून सगळं काम बारा ते तीनच्या उन्हात. आतून डाव्या स्ट्रिंगरचा हातभर सांधा सुटला होता, तोही भरला.

मग बोट सुलटी केली आणि वाळूच्या अर्ध्या भरलेल्या पोत्यांवर निजवली. अर्ध्या भरलेल्या अशासाठी, की पोतं तळाचा आकार घेतं. पोत्यांची रांग स्ट्रिंगरखाली, थेट ट्रान्समपर्यंत. लिफ्ट होईपर्यंत तिने असंच राहायचं.

27 जानेवारी

नवी बैठक ठरली. आडव्या चॅनलवर बोट टेकणारच नाही. त्यांच्यावर लांबीच्या दिशेने दोन वासे, प्रत्येकी 2.8 मीटर लांब, 10 सेंमी रुंद, आणि बोट त्या वाशांवर. टेकण 5600 चौरस सेंमी. दर चौरस सेंटीमीटरला 75 ग्रॅम. पाण्याइतकं नाही, पण दीड किलोही नाही.

वासे स्ट्रिंगरच्या बरोबर खाली. आतून मोजलं तर स्ट्रिंगर मध्यापासून 42 सेंमीवर आहेत. बाहेरून तळाला पाणी कापणाऱ्या ज्या उभ्या धारा असतात, त्या 30 आणि 55 सेंमीवर. वासा 37 ते 47 मध्ये बसतो, कुठलीच धार त्याच्यावर येत नाही. धार वाशावर आली असती तर सगळा भार पुन्हा बोटभर रुंदीवर गेला असता.

वाशाचं मागचं टोक ट्रान्समच्या 5 सेंमी बाहेर. इथे मी एक सेंटीमीटरही सोडायला तयार नाही. इंजिनाचं वजन ट्रान्सममधून खाली येतं, ते झेलायला खाली काहीतरी असलंच पाहिजे. पुढचं टोक मात्र रंध्याने उतरतं करायचं, म्हणजे तिथे तळावर कड रुतणार नाही.

आडव्या ट्रान्समपासून 0.4 आणि 2.4 मीटरवर. मागचीवर 216, पुढचीवर 204 किलो, जवळपास निम्मं निम्मं. आधी वाटलं होतं, आडव्या हलवण्यापेक्षा बोटच पुढे सरकवून उभी करावी. पण नाक घाटाच्या पायरीला लागतं. नशीब, खांबांमधलं अंतर 3.2 मीटर आहे, वरच्या आडव्या लांब चॅनलवर सरकवता येतात.

1 फेब्रुवारी

जुन्या नाशकात एक वाडा उतरवला, त्याचा साग मिळाला. शंभर बाय पंच्याहत्तरचे दोन वासे निघाले. रंधा मारला तेव्हा आतून मधासारखा रंग आला आणि वर्कशॉपभर सागाचा वास. खिळ्यांची जुनी भोकं भरून घेतली.

वरून काय लावायचं यावर बरीच चर्चा झाली. गालिचा लावतात, पण तो पाणी धरून ठेवतो आणि गोदेची बारीक वाळू त्यात अडकली की जेलकोटला पॉलिश पेपर लागल्यासारखं होतं. रबर काळे डाग सोडतं. शेवटी 12 मिमीची एचडीपीई, म्हणजे टणक प्लास्टिकची, पट्टी घेतली. स्क्रूची डोकी 5 मिमी आत बुडवली. पट्टी गुळगुळीत आहे, त्यामुळे बोट चढल्यावर पुढून-मागून दोर बांधणं आता सक्तीचं.

8 फेब्रुवारी

पोत्यांवर दोन आठवडे झाले. सरळपट्टी लावली : 4.5 मिमी. दीड मिमी फायबर आपणहून परतलं.

संध्याकाळी लिफ्टवर पहिली बैठक पाहिली. टूलरूममध्ये आम्ही दोन पृष्ठभाग नीट बसतात का हे निळा रंग लावून बघायचो. उंचवटा असेल तिथे रंग उठतो. इथे गेरू वापरला. वाशांवर ओला गेरू फासला, बोट अलगद टेकवली, दहा मिनिटांनी उचलली आणि खाली शिरलो.

मागच्या दीड मीटरला गेरू तळावर भरून आला होता, दोन्ही वाशांवर. पुढे पट्टा निमुळता होत गेला आणि शेवटच्या हातभर लांबीत फक्त आतल्या कडेची एक रेघ. कारण तळाचा व्ही सगळीकडे सारखा नाही. मोबाइल तळाला लावून कोन घेतला : ट्रान्समजवळ 10 अंश, वाशाच्या पुढच्या टोकाशी 14. वासा आडवीवर एकाच 16 मिमी बोल्टवर डुलता ठेवलाय, तो मागचा कोन आपोआप घेतो. पण सागाला पीळ बसत नाही. दहा सेंमी रुंदीला 4 अंश म्हणजे 7 मिमी फरक. तो लाकडातूनच काढला पाहिजे.

9 फेब्रुवारी

एचडीपीई पट्टी सोडवली, कानशीने आणि रंध्याने पुढचा भाग पिळात उतरवला, पट्टी परत लावली. गेरू. पुन्हा काढली. तिसऱ्या वेळी गेरू पुढेही रुंद उमटला. मग वर्तमानपत्राच्या पट्ट्या, दर 20 सेंमीला एक, तळ आणि वासा यांच्यामध्ये. बोट टेकवून प्रत्येक ओढली. अठ्ठावीसपैकी सव्वीस घट्ट, उजवीकडच्या दोन सैल. त्या जागी पट्टीखाली पातळ पत्रा सरकवला. अठ्ठावीस घट्ट.

हे काम संपलं तेव्हा अंधार पडला होता. मुलं घरी गेली नव्हती.

16 फेब्रुवारी

चाचणी. मोबाइलच्या जीपीएसवर, सर एकटे, पूर्ण थ्रॉटल. डिसेंबरमध्ये 26 किमी होता, आज ताशी 33. नाक वर राहिलं. सर कोरडे परत आले, आणि मुलांच्या चार होड्या महिन्याभराने पाण्यात गेल्या.

दोन गोष्टी अजून केल्या. खांबांवर दर 10 सेंमीला रंगाची खूण, म्हणजे दोन्ही चेन ब्लॉक सारखे ओढले जातात. एक पुढे गेला तर बोट तिरकी होऊन भार पुन्हा एका टोकाला. आणि बोट वर आली की आडव्यांखाली खांबांतून 25 मिमीच्या पिन घालायच्या. रात्रभराचं वजन पिनांवर, साखळीवर नाही.

19 मार्च

रंगपंचमी. जुन्या नाशकात रहाडी (रंग खेळायचे जुने हौद) उघडल्या, घाटावर कुणी येणार नव्हतं, म्हणून निवांत तपासणी. बोटीची मधली कड आडव्यांपासून 6 सेंमी वर राहते, त्या जागेतून सरळपट्टी घालता येते. 4 मिमी. नव्या भेगा नाहीत. दुरुस्तीच्या जागी नाण्याचा आवाज टणटणीत.

22 एप्रिल

डाव्या वाशावरची एचडीपीई पट्टी मधोमध फुगून वर आली होती, बोट तिच्या टेंगळावर बसलेली. सकाळीच सरांनी फोन केला. चूक माझीच : हे प्लास्टिक उन्हाने वाढतं, दर मीटरला दर अंशाला साधारण 0.15 मिमी. फेब्रुवारीत सकाळच्या गारव्यात घट्ट बसवलं, आता दुपारी ते 30 अंशांनी जास्त तापतं, 2.8 मीटरला बारा-तेरा मिमी वाढ. तिला जायला जागाच नव्हती. मागचा एक स्क्रू तेवढा गोल भोकात ठेवला, बाकी सगळी भोकं लांबट केली आणि स्क्रू एक आटा ढिले. वाढ आता पुढच्या टोकाकडे जाते. वर्तमानपत्राच्या पट्ट्या पुन्हा लावल्या. घट्ट.

12 मे

अवकाळी. रात्री दोन तास पाऊस. सकाळी पोहोचलो तेव्हा बोटीत पाणी, ताडपत्री वाऱ्याने उडालेली आणि पाणी काढायच्या भोकाला बुच लावलेलं. बोट सहा चौरस मीटर धरली तर एक इंच पावसाचे दीडशे लिटर, दीडशे किलो. ते सगळं मागे साचतं, इंजिनाशेजारी. आधीच्या टायरच्या बैठकीवर हे झालं असतं तर तळ गेला असता. आज बुच काढलं, पाणी गेलं, गेरू लावून बैठक पाहिली, जशीच्या तशी.

तरी दोन बदल. पुढचा चेन ब्लॉक 4 सेंमी जास्त वर ओढायचा, म्हणजे दोन मीटरला तेवढा उतार मिळतो आणि पाणी आपसूक बुचाकडे येतं. आणि बोट लिफ्टवर चढली की बुच काढून किल्लीच्या जुडग्यात अडकवायचं. बुच नसेल तर किल्ली हातात येणार नाही, किल्ली हातात आली की बुच समोर. ही कल्पना धाकटीची.

7 जून

पावसाळ्याआधी लिफ्ट रिकामी करायची. गंगापूर धरणातून विसर्ग सुटला की इथलं पाणी तासाभरात वर येतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये रामकुंडावरची दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती बुडाली तेव्हा हा घाट कुठे होता ते दिसत नव्हतं. चेन ब्लॉक उतरवले, खालच्या आडव्या सोडवल्या. खांब तेवढे राहतील.

बोट शेडमध्ये. तेच दोन वासे तिथल्या घोड्यांवर, म्हणजे टेकूच्या स्टँडांवर, त्याच अंतराने बसवले, 84 सेंमी मध्यापासून मध्य, मागे 5 सेंमी बाहेर. मधल्या कडेखाली मिस्त्रींच्या सांगण्यावरून तीन ठोकळे, नुसते टेकलेले. इंजिन काढून वेगळ्या स्टँडवर. चार महिने ट्रान्समवर भार नको.

सरळपट्टी : 3.5 मिमी. बुच शेडच्या खिळ्याला.